धुडकूचा वडिलोपार्जित रोग

माझा शालक धुडकू कुणी भेटलं तर रामराम करायचा नाही. तोंड उघडून सरळ समोरच्याच्या नाकाशी न्यायचा आणि म्हणायचा, "वास ले, भो!"

समोरचा मागे सरके, धुडकू पुढे सरके. वास घेतल्याशिवाय सुटका नाही.

"येस का दारूना?"

"नही येस."

"मंग बठ. आते सांगस."

दारूचं कारण असं, की त्याचा पाय एकीकडे पडायचा आणि कंबर दुसरीकडे जायची. मधूनच हात उडायचा, माशी मारल्यासारखा. बाजारात बाया पदर सावरून बाजूला होत. एकदा तर हवालदारानं दारुडा म्हणून धरलं. धुडकूनं त्यालाही वास घ्यायला लावला आणि वर म्हणाला, "आते तुम्हनं तोंड उघडा, सायेब." हवालदारानं त्याला तिथंच सोडून दिलं.

भावकीनं त्याला तोरणमाळला एका भगताकडे नेलं. मीही होतो. चढण चढून आम्ही अर्धमेले झालो. भगत घुमायला लागला, आणि धुडकू तर आधीच घुमत होता. दोघांत धुडकूचं सरस ठरलं. जमलेल्या बाया भगताला सोडून याच्या पाया पडायला लागल्या, एकीनं नारळ ठेवला. धुडकूनं नारळ तिच्या हातात परत दिला. "माय, देव नही शे. रोग शे. बापना शे." भगतानं आम्हाला पाणी प्यायलासुद्धा थांबू दिलं नाही.

शेवटी धुळ्याच्या एका डॉक्टरनं त्याला चालवून पाहिलं. बाप कसा चालायचा, आत्या कशी मेली, सगळं विचारलं आणि सांगितलं, हा मेंदूचा रोग आहे, घराण्यातून उतरतो. काही पोरांना येतो, काहींना नाही. औषध नाही. दुसरा रडला असता. धुडकू कुस्ती मारल्यासारखा परत आला. भूत नाही, करणी नाही, दारू नाही! "लोकेसले वडिलोपार्जित जमीन भेटस, मले रोग. याले शेतसारा नही!"

तेव्हापासून दर बाजारी तो बैलबाजारातल्या निंबाखाली बसायचा आणि आपल्या घरात कोण कोण असं हलत हलत मेलं ते नावानिशी सांगायचा. अशा माणसाला बांधून ठेवू नका, वेळेवर जेवू घाला. सोयरीक करताना लपवू नका. लोक हसत. मी त्या निंबाखालून कधी गेलो नाही, फेरा पडला तरी चालेल. कुणी विचारलं तर म्हणायचो, "दूरचा नातेवाईक आहे." सख्खा शालक मी दूरचा केला.

मग माझ्या बनाच्या, म्हणजे धुडकूच्या धाकट्या बहिणीच्या, हातून भाकर पडायला लागली. तव्यावर टाकायची ती चुलीत जायची. मग पाण्याचा हंडा पडला. मी म्हणालो, लक्ष कुठं आहे तुझं? एकदा कानाखाली मारलीसुद्धा. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

पुढं तिचीही कंबर तशीच वळायला लागली तेव्हा मला समजलं. समजल्यावर मी काय केलं? तिचं बाजारात जाणं बंद, देवळात जाणं बंद, विहिरीवर बंद. कुणी विचारलं तर संधिवात सांगायचो. धुडकू येऊन म्हणायचा, "दाजी, तिले असं घरमां दपाडू नका. ती चोरी करीसन उनी नही." मी त्याचं येणंही बंद केलं.

कारण माझी लेक इंदू लग्नाची झाली होती. मुद्दाम लांबची सोयरीक पाहिली, नवापूरकडची. तिथवर धुडकूची कीर्ती पोचली नव्हती. इंदू आज तिथंच नांदते. बना गेली, धुडकूही गेला. मी इंदूकडे गेलो की आधी तिच्या हातांकडे पाहतो, मग तोंडाकडे. तिच्या सासरच्यांना मी आजवर सांगितलेलं नाही. हे वाचून कळलं तर कळू दे.

सुपारी फोडायच्या दिवशी मी बनाला मागच्या कडब्याच्या खोलीत बसवलं आणि बाहेरून कुलूप घातलं. पाहुण्यांना सांगितलं, आई आजारी म्हणून ती माहेरी गेलीय. तिची आई मरून वीस वर्षं झाली होती.

पाहुणे ओसरीवर टेकतात न टेकतात तोच अंगणात धुडकू. मी त्याला घराच्या आडोशाला ओढत नेलं. "एक शब्द बोललास तर पाय मोडीन."

"पाय मोडीसन काय फायदा, दाजी? तो आधीच मन्हं ऐकत नही." मग म्हणाला, "आज मी बोलत नही. तुम्हीच सांगा. तुम्हनी पोर शे." आणि मागच्या अंगाला निघून गेला.

मी सांगितलं नाही. वेळ आली नव्हती असं नाही. वराच्या बापानं स्वतःहून विचारलं, "मुलीची आई कशी आहे हो स्वभावानं?"

मी म्हणालो, "शांत."

सुपारी फुटली. साखर वाटून झाली. धुडकू इतका गप्प कसा, म्हणून मी मागे पाहायला गेलो.

तो कुलूपबंद दाराला पाठ लावून बसला होता. उडणारा हात दोन गुडघ्यांत दाबून धरलेला. आणि आत सांगत होता, "आते इंदू पाटवर बठनी."

आतून बनानं विचारलं, "लुगडं कोणतं?"

"लाल. तुन्ह्या लगननं."

"अन् नथ?"

"तुन्हीच. मोती चमकी ऱ्हायना."

"अन् इंदूना बाप?"

"तेसना डोयामां पानी शे, माय. घडी घडी तुन्हं नाव काढी ऱ्हायनात."

तिथून ओसरी दिसत नाही. मध्ये सगळं घर आहे. इंदू पाहुण्यांनी आणलेलं हिरवं लुगडं नेसली होती. नथ मीच घालू दिली नव्हती, ती पाहून कुणी आईचं काढील म्हणून. आणि माझ्या डोळ्यांत तेव्हा पाणी नव्हतं.

बना आत हसली. फार दिवसांनी हसली.

किल्ली माझ्या कमरेला होती. तेवढ्यात ओसरीवरून कुणीतरी हाक दिली, "अहो, पानाचं ताट!"

मी पाय न वाजवता मागे फिरलो.