साळवेआप्पा शोधतात

साळवेआप्पांना कुणी "माझं पेन पाहिलंत का?" असं विचारलं, तर ते कधी हो किंवा नाही म्हणत नसत. ते खुर्चीत सरळ होत, चष्मा कपाळावर सरकवत आणि विचारत, "कवापासून कवापर्यंत?"

"म्हणजे?"

"म्हंजी, शेवटचं कवा दिसलं आन् न्हाई हे कवा कळलं? दोन तारखा द्या. कुणाकडून आलेलं? संगं काय जोडलेलं व्हतं का, टोपण वगैरे?"

तोवर पेनाचा मालक दुसऱ्याच्या खिशातलं पेन घेऊन निघून गेलेला असे. अर्ध्या तासानं आप्पा त्याच्या टेबलाशी उभे राहत. हातात पेन. टोपणासकट.

निमोण्याला, त्यांच्या गावी, चुलतभावाची शेळी हरवली, तेव्हा सगळी वस्ती हाका मारत शेतांतून पळत होती आणि आप्पा ओट्यावर बसून भावजयीला विचारत होते, "आकार केवढा? धा किलोच्या वर का खाली?" शेळी तासाभरानं आपली आपणच चालत आली. आप्पा म्हणाले, "तारीख नीट सांगितली आसती, तर आधीच गावली आसती."

आमचा कारखाना कोरेगाव भीमाजवळ, हायवेपासून जरा आत. गाड्यांचे सुटे भाग बनवायचे. मी क्वालिटीच्या ऑफिसात होते आणि आप्पा रेकॉर्ड रूममध्ये. शिरूरहून कंपनीच्या बसनं आम्ही दोघं एकत्रच यायचो. आप्पा मूळ निमोण्याचे, पण शिरूरला एका खोलीत एकटेच राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी दौंडला दिलेली. रेकॉर्ड रूममध्ये वीस वर्षांच्या फायली, आणि कुठली फाईल कुठल्या रॅकवर हे फक्त आप्पांच्या डोक्यात.

मग कॉम्प्युटर आले. आलेल्या फोनलाही मोबाइलवर पैसे पडायचे, ते दिवस नुकते संपले होते, त्या सुमाराची गोष्ट. रेकॉर्ड रूम बंद झाली, रॅक भंगारात गेले, आणि आप्पांना आमच्या ऑफिसाला लागूनच डिस्पॅचमध्ये एका टेबलावर एक कॉम्प्युटर देऊन बसवण्यात आलं. सगळ्यांना वाटलं, आता म्हातारा राजीनामा देणार.

पहिले चार दिवस आप्पा त्या पडद्याकडे नुसते पाहत बसले. पाचव्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. "ताई, हितं या. ह्येच्यात आपली रेकॉर्ड रूम हाय."

मेलच्या प्रोग्रामात मेन्यूच्या आत मेन्यू, त्याच्या आत एक खिडकी होती. ॲडव्हान्स सर्च. आम्ही कुणी ती कधी उघडली नव्हती. मेल कुणाकडून, कुणाला, कुठल्या तारखांमधली, जोडपत्र आहे की नाही, आकार केवढा, मजकुरात कुठला शब्द, असे रकानेच रकाने. आप्पांनी ती खिडकी एखाद्या हट्टी विद्यार्थ्यासारखी शिकून घेतली. रोज जेवणानंतर एक चौकट. आज 'जोडपत्र'वर टिचकी मारायची, काय येतं ते पाहायचं, वहीत लिहायचं. उद्या 'आकार'. कॉम्प्युटर दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाला ते विचारत नसत. "त्याला घाई आसती. घाईच्या माणसाकडनं शिकलं की आपन बी घाई शिकतो."

आणि ते एकही मेल पुसत नसत. कँटीनचा मेन्यू, पाण्याची टाकी धुण्याची सूचना, कुणाच्या पोराच्या बारशाचे पेढे कुठल्या टेबलावर ठेवलेत ती मेल, सगळं जपलेलं. जुन्या मेली वर्षावार वेगळ्या कप्प्यात. "पुसायला काय, येक बटन. परत आणायला कुठलं बटन दाबायचं, ते सांगा."

पण आप्पांचं खरं शस्त्र ती खिडकी नव्हतीच. ते होतं एक लांबडं, पुठ्ठ्याचं रजिस्टर. एकदा ते उघडं राहिलं आणि माझी नजर गेली. एका पानावर माझं नाव. समोर लिहिलेलं: 'अन्टिल – दोन एल घालतात.'

"आप्पा, हे काय?"

"तुमची चूक हाय," ते शांतपणे म्हणाले. "समद्यांची लिवून ठेवलीय. पर्चेसवाले 'रिसीव्ह'मध्ये आय आधी घालत्यात. नगरकरसाहेब ब्रॅकेटमधला सी खात्यात."

"पण कशासाठी?"

"ताई, माणूस विषय बदलतो, तारीख विसरतो, पाठवलं त्ये न्हाई पाठवलं म्हणतो. चूक मातर बदलत न्हाई. शब्द गावला न्हाई, तर मी चूक शोधतो."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पण 'अन्टिल' मात्र तेव्हापासून एकाच एलनं लिहिते.

आमच्या लाइनवर मोहन दिवेकर नावाचा सुपरवायझर होता. भांडगावचा. घरची बागायती, चुलते सोसायटीत, त्यामुळे बोलण्याला धार. आप्पांना 'सर्चलाइट' हे नाव त्यानंच ठेवलं होतं. आप्पा आले की तो डोळ्यांवर आडवा हात धरून म्हणायचा, "झोत आला, झोत आला." आप्पा हसायचे नाहीत, रागवायचेही नाहीत.

एका सोमवारी गिऱ्हाइकाकडून ब्रॅकेटची अख्खी गाडी परत आली. भोक जुन्या मापाचं होतं. नवं ड्रॉइंग तीन महिन्यांपूर्वी दिलं होतं, असं त्यांचं म्हणणं. प्रॉडक्शन मॅनेजर नगरकरसाहेबांनी मोहनला केबिनमध्ये बोलावलं. मोहन म्हणाला, "साहेब, तुम्हीच मेल केली व्हती. पुढची सूचना येईपर्यंत जुनंच चालू ठेवा म्हणून. मी लाइनच्या कॉम्प्युटरवर वाचलीय."

"दाखव."

लाइनचा कॉम्प्युटर मधल्या काळात बिघडून नव्यानं भरला होता. त्यातल्या मेली गेल्या होत्या. साहेबांनी आपल्या मेलमध्ये पाहिलं, नव्हती. त्यांनी शनिवारी चौकशी ठेवली आणि तोवर मोहनला घरी बसायला सांगितलं. चौकशीनंतर काय होतं, ते कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं.

मोहन गेटकडे निघाला तो आमच्या टेबलांजवळून. त्या दिवशी त्यानं डोळ्यांवर हात धरला नाही. आप्पाच उठले.

"कवापासून कवापर्यंत?" त्यांनी विचारलं.

मोहनला वाटलं, ते चेष्टा करतायत. त्याचा चेहरा पडला. "जाऊ द्या ना आप्पा."

"मेल वाचली व्हती ना तुम्ही? सपनात न्हाई ना?"

"आईशपथ वाचली व्हती."

"मंग ती हाय. तारीख सांगा."

"संक्रांतीच्या फुडं. सणाला म्हायना झाला आसंल तवा."

आप्पांनी लिहून घेतलं आणि बसले. सोमवारी दुपारी त्यांनी 'ब्रॅकेट' शब्द टाकला. चौदाशे मेली आल्या. त्यांनी त्या एकेक करून उघडल्या. मंगळवार त्यातच गेला. ड्रॉइंगचा नंबर टाकला, काही नाही. गिऱ्हाइकाचं नाव टाकलं, काही नाही. साहेबांकडून आलेल्या मेलींचे नुसते विषय वाचून काढले, काही नाही. बुधवारी सकाळी त्यांच्या लक्षात आलं की खिडकी फक्त चालू वर्षाच्या वरच्या कप्प्यात पाहत होती, आतल्या कप्प्यांसाठी वेगळी टिचकी मारावी लागते. त्यांनी स्वतःच्या कपाळावर एक चापट मारली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. गुरुवारी कारखान्याला सुट्टी. आप्पा शिरूरहून एसटीनं आले, वॉचमनला म्हणाले, "माझा डबा आत राह्यलाय," आणि पाच वाजेपर्यंत डबा शोधत बसले.

शुक्रवारी मी म्हटलं, "आप्पा, नसेलच मेल. मोहनचा काहीतरी गैरसमज झाला असेल."

"शोधायचं संपलंय का माझं?"

"नाही."

"मंग नसंल कसं म्हणता?"

आणि त्यांनी रजिस्टर काढलं. नगरकरसाहेबांच्या पानावर बोट ठेवलं, ब्रॅकेटचं स्पेलिंग सी गाळून टाकलं, संक्रांतीपासून पुढचे दोन महिने दिले आणि बटण दाबलं.

सहा मेली आल्या. पाच साध्या होत्या. सहावीचा विषय होता: 'दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा'.

"फेब्रुवारीत दिवाळी?" मी म्हटलं.

आप्पांनी ती उघडली. नगरकरसाहेबांना नवी मेल लिहायचा कंटाळा. जी जुनी मेल समोर दिसेल तिलाच ते उत्तर ठोकत. त्या दिवशी त्यांच्यासमोर दिवाळीचं शुभेच्छापत्र होतं. ते पत्र सगळ्या विभागांना गेलेलं होतं आणि साहेबांचं उत्तरही सगळ्या विभागांना गेलं होतं. आकाशकंदिलाच्या चित्राच्या वर इंग्रजीत एक ओळ: पुढची सूचना मिळेपर्यंत ब्रॅकेट जुन्याच ड्रॉइंगनं चालू ठेवावेत.

म्हणजे ती मेल माझ्याकडेही आली होती. सगळ्या कारखान्याकडे आली होती. मोहन सोडून सगळ्यांनी दिवाळी म्हणून न उघडता पुसली होती.

"दिवाळीच्या मेली कोण ठेवतं?" मी म्हटलं.

"मी ठेवतो," आप्पा म्हणाले. आणि सोमवारपासून पहिल्यांदाच त्यांनी चहा मागवला.

शनिवारी चौकशीला मोहन इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. आप्पांना कुणी बोलावलं नव्हतं, तरी ते आत गेले आणि छापलेला कागद साहेबांपुढे ठेवला. मी क्वालिटीतर्फे तिथं होते. साहेबांनी कागद वाचला. मग पुन्हा वाचला. कान लाल झाले. त्यांना तो कागद फेटाळता आला असता, तसे साहेब मी पुढे पाहिले. पण ते म्हणाले, "हे मीच लिहिलंय. मोहन, लाइनवर जा."

मोहन उठलाच नाही. त्यानं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि तसाच बसून राहिला. आप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "चला, पाळी सुरू झालीय."

दाराशी साहेबांनी विचारलं, "साळवे, हे सापडलं कसं तुम्हाला?"

"अक्षरावरनं, साहेब."

"अहो, मेलला कुठं अक्षर असतं?"

"आसतंय, साहेब," आप्पा म्हणाले आणि मोहनच्या मागं चालू लागले. रजिस्टर तेव्हा त्यांच्या काखेतच होतं.

त्यानंतर काही महिन्यांनी आप्पा दोन दिवसांची रजा घेऊन मुलीकडे दौंडला गेले. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास त्यांचा फोन आला. "जय भीम, ताई. माझ्या मशीनवर बसा जरा. गेटवर ट्रक उभा आसंल, त्याच्या नंबरची मेल काढून द्या. पासवर्ड लिवून घ्या."

मी त्यांच्या खुर्चीत बसले. खिडकी उघडली. आप्पांचा आधीचा शोध तिच्यात तसाच होता आणि माझ्याकडून घाईनं बटण दाबलं गेलं. कारखान्याच्या त्या हजारो मेलींतून यादी आली ती जेमतेम अठरा-वीस मेलींची. मला आधी कळेना, आप्पांनी शोधलं काय होतं. मग चौकट दिसली. त्यांनी टिचकी मारली होती 'फक्त मला एकट्याला आलेल्या मेली' या ओळीपुढे.

त्या सगळ्या एकाच ठिकाणाहून आल्या होत्या. सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर. तुमची मेलपेटी भरली आहे, जुन्या मेली काढून टाका. मशीन आपोआप पाठवतं ती सूचना. आणि प्रत्येक सूचनेपुढे उत्तर दिल्याची बाणाची खूण होती.

उघडायला नको होतं. मी एक उत्तर उघडलं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं होतं. 'आदरणीय महोदय, आपली मेल मिळाली. आनंद झाला. पेटी भरली आहे हे मान्य. प्रयत्न करतो. इकडे सर्व ठीक आहे. तिकडची खुशाली कळवावी. आपला, धों. भि. साळवे.'

पलीकडे मशीन आहे हे आप्पांना ठाऊक नसेल, असं मला क्षणभरही वाटलं नाही. आमच्या कारखान्यात ते त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"ताई, गावली का?" फोनवर आप्पा.

"शोधतेय."

मी चौकट रिकामी केली, ट्रकची मेल काढली आणि टेबल होतं तसं आवरून ठेवलं. आपल्या टेबलाशी आल्यावर मला आठवायला लागलं. इतक्या वर्षांत मी आप्पांना कितीदा काय काय पाठवलं, आणि प्रत्येक वेळी ते कुणाच्या तरी सोबत, खालच्या ओळीत. त्यांना काही सांगायचं तर आम्ही नुसती हाक मारायचो. दहा पावलांवर तर बसायचे.

ते रजेवरून आले त्या सकाळी मी एक मेल लिहिली. वर फक्त त्यांचं नाव. 'आप्पा, उद्या डब्यात मेथीची भाजी आणणार आहे. तुमच्यासाठी आणू का? दौंडला नातू कसा आहे?'

जेवणाच्या सुट्टीत ते समोर बसले, भाकरी खाल्ली, उन्हाबद्दल बोलले. मेलचं नाव नाही. मला वाटलं, पाहिलीच नसेल. चार वाजता उत्तर आलं.

'आदरणीय शैलाताई, आपली मेल मिळाली. मेथी चालेल. आमची मंडळी मेथीत मुगाची डाळ घालायची, पण नसली तरी चालेल. नातू आता उभा राहतो, पण धरून. चार दात आले आहेत. मला आजोबा म्हणत नाही, नुसतं आ म्हणतो. आपल्या घरी सर्व कसे आहेत? सवडीने लिहावे. उत्तराची घाई नाही.'

मी मान वर करून पाहिलं. आप्पा दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसले होते आणि पडद्याकडे पाहत होते.

मी लगेच लिहायला घेतलं.