न विचारता घेतलेली पपई

साखरेच्या पत्र्याच्या डब्यावर ठेवलेला फोन घुर्र करून थरथरला आणि दुपारची शांतता मोडली. शलेशनीने झडप घालून तो पोटाशी धरला, श्वास रोखला आणि मच्छरदाणीकडे पाहिलं. बाळाने ओठ चोखल्यासारखे केले, एक पाय मारला आणि ते पुन्हा झोपलं. शलेशनीचा जीव भांड्यात पडला. फोन मात्र थांबेना. पोटाशी धरलेला फोनही मुलासारखाच लाथा मारत होता.

काल टाकलेल्या व्हिडिओला दोनशे बारा लोकांनी पसंती दिली होती. याआधीचा तिचा विक्रम अकराचा होता, आणि त्यातले चौघे माहेरचे.

फोटो-क्लबचा या आठवड्याचा विषय होता ‘हात’. क्लब चालवायचे अंकल फोंग. त्यांचं ठाम मत होतं, की रस्त्यावरच्या माणसाला कधी विचारायचं नाही. “विचारलंस की माणूस केस सारखे करतो, पोट आत घेतो. विचारून काढलेला प्रत्येक फोटो पासपोर्टचा होतो, बेटी.” म्हणून शनिवारी सुवाच्या बाजारात शलेशनीने आपला फोन पिशवीत, वांग्यांच्या मधोमध, डोळा तेवढा बाहेर ठेवून उभा केला होता. पिशवी नेई सेरुवायाच्या पपयांशेजारी ठेवली आणि आपण लांब, भेंडीच्या गाळ्यावर जाऊन उगाच भेंड्या मोडत बसली. सेरुवायाला सगळा बाजारच नेई म्हणायचा, म्हणजे मावशी. मावशी शोभेल असंच तिचं अंग होतं आणि आवाजही.

आणि काय घबाड सापडलं होतं! गवती टोपी घातलेला एक माणूस येतो, मावशीच्या डोळ्यांदेखत सगळ्यात पिकलेली पपई उचलतो, काखेत मारतो आणि हसत निघून जातो. मावशी हात उंचावते, पण जागची हलत नाही. चाळीस सेकंदांचा ऐवज. शलेशनीने रविवारी बाळाच्या झोपेत त्याला कातरलं, रंग गडद केले, वर बासरीची फुकट मिळालेली धून घातली आणि नाव दिलं : ‘हातसफाई’.

मूळ आवाज तिने ऐकलाच नव्हता. तिची सगळी कला बाळाच्या डुलकीत चालायची, त्यामुळे ती मुकीच चालायची. कानात घालायच्या वायरी होत्या, पण त्यांतला एक कान बाळाने चघळून संपवला होता आणि दुसरा कुठे गेला, हे विचारायची सोय नव्हती.

आता तिने खालचे अभिप्राय उघडले. पहिला होता, ‘काय नजर आहे ताई.’ ती सुखावली. दुसरा, ‘चोराला लाज नाही.’ तिसरा, ‘याला ओळखा आणि पुढे पाठवा.’ विसाव्याच्या आसपास कोणीतरी लिहिलं होतं, ‘याला मी पाहिलंय. हा रविवारी चर्चमध्ये दानाची थाळी फिरवतो.’ त्याखाली रागाने लाल झालेल्या चेहऱ्यांची रांग. सुखाची जागा कशीतरीच भावना घेऊ लागली. पण दोनशे बाराचे दोनशे चाळीस झाले होते, आणि माणूस शेवटी माणूस असतो.

तीन वाजता सहा वर्षांची तिशा शाळेतून आली, दप्तर टाकून आईच्या खांद्यावरून डोकावली.

“मास्टर!” ती म्हणाली.

“कुठले मास्टर?”

“माझे. मास्टर इलियेसा. टोपी घातलीय म्हणून काय झालं? ते असे चालतात.” आणि तिने एक पाय किंचित फेकत खोलीभर चालून दाखवलं. व्हिडिओतला माणूस अगदी तसाच चालत होता.

शाळा सुरू होऊन तीनच आठवडे झाले होते. तिशाला सोडायचं काम तिच्या पप्पांचं, राजनीलचं, तो टॅक्सीवर जाताना तिला उतरवायचा. शलेशनीने मास्टरांना एकदाच लांबून पाहिलं होतं, कडक इस्त्रीच्या सुलूत, म्हणजे इथल्या लुंगीत, आणि टायमध्ये. पण घरात त्यांचं नाव रोज निघायचं. मास्टर म्हणतात दात घास, मास्टर म्हणतात भेंडी खा. पहिल्या दिवशी गेटला मिठी मारून रडलेली ही मुलगी त्यांनी गाणं म्हणत, तिच्याच चालीने चालत वर्गात नेली होती.

“पण हे बोलत का नाहीत? मास्टर सारखे बोलतात. आवाज कुठाय?”

शलेशनीने मूळ व्हिडिओ काढला. बाळ उठलंच होतं, तिने आवाज मोठा केला. नेईचा आवाज वांग्यांमधून गरजला.

“ए, आलास का चोरा! ठेव ती पपई. तुझ्या आज्यानं माझ्या आज्याची होडी पळवली, तेवढ्यानं पोट भरलं नाही वाटतं?”

“होडीला भोक होतं, नेई. त्याची भरपाई नेतोय.”

“ने, ने. तुमचं अख्खं बेट चोरांचं. बायकोला सांग, बिया पुरा, चोरांना फळं चांगली येतात.”

मग दोघांचं खदखदून हसणं, आणि अगदी शेवटी, हळू, “गुडघा कसाय रे तुझा?”

शलेशनीने तो पुन्हा पहिल्यापासून लावला. सुवात जन्मलेल्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. ते ताउवू होते. पूर्वजांपासून नातं लागणाऱ्या दोन बेटांची माणसं. ताउवूने ताउवूची वस्तू न विचारता उचलायची, आणि ज्याची गेली त्याने शिव्या घालायच्या, हीच त्यांची माया. तिच्या वडिलांच्या दुकानात दोन ताउवूंनी एकमेकांच्या अंगातले शर्ट पळवलेले तिने लहानपणी पाहिले होते आणि पोट धरून हसली होती. त्या मायेची तिने जीभ कापली होती आणि वर बासरी लावली होती.

तिने व्हिडिओ पुसून टाकला. इथेच प्रकरण मिटायला हवं होतं.

मंगळवारी सकाळी तोच व्हिडिओ दुसऱ्याच कोणीतरी टाकला होता, आणि चार हजार लोकांनी तो पाहिलाही होता. बासरी जाऊन ढोल आला होता, आणि खाली लिहिलं होतं, ‘मूळ व्हिडिओ रातोरात गायब! कोणाचा दबाव?’ शलेशनीने घामाघूम होऊन खुलासा लिहिला, की हे दोघे ताउवू आहेत, ही थट्टा आहे, चूक माझी आहे. त्यावर पहिलं उत्तर आलं, ‘ताई, तुम्हाला किती पपया मिळाल्या?’

बुधवारी तिशा घरी आली ती गप्पच. दप्तर तिने टाकलं नाही, ठेवलं.

“मास्टर नव्हते आज. मोठ्या बाईंनी त्यांना घरी बसायला सांगितलंय. चौकशी होईपर्यंत. मम्मी, चौकशी किती मोठी असते?”

मोठ्या बाई न्यूझीलंडहून नव्यानेच आल्या होत्या. त्यांनी व्हिडिओ पाहिला, पण फक्त व्हिडिओवर विसंबू नये एवढी न्यायबुद्धी त्यांना होती. त्यांनी सरळ बाजारात फोन लावून फळवालीलाच विचारलं, या गृहस्थांनी आपली पपई चोरली का? आणि ताउवूबद्दल कोणीही विचारलं तरी त्याची लाज काढायची, हा नेई सेरुवायाचा पिढीजात धर्म. ती म्हणाली, “चोरली? तीस वर्षं चोरतोय, बाई. आता कुठे तुमच्या लक्षात आलं का?”

शलेशनीने अंकल फोंगना फोन केला. “अंकल, असं झाल्यावर तुम्ही काय करायचात?”

पलीकडे अंकल खाकरले.

“मी रस्त्यावर कधी फोटो काढलाच नाही, बेटी. माझं दुकान आत होतं. चाळीस वर्षं पासपोर्टचेच काढले.”

राजनील जेवताना सगळं ऐकून घेत होता. आज त्याने थट्टा केली नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. ताट सारून तो म्हणाला, “उद्या यंगोना आणतो. चांगल्यातली. माफी मागायला रिकाम्या हातानं जात नाहीत.”

“मी पत्र लिहू का? व्यवस्थित, माफीचं?”

“शलू, तू त्यांना चार हजार लोकांपुढे उभं केलंस. आता पत्राच्या मागे लपतेस? यंगोनाच्या मुळांची जुडी घेऊन त्यांच्या चटईवर बसावं लागेल. आणि आपल्या वतीनं बोलणारं माणूस लागेल, त्यांच्यातलं.”

त्यांच्यातलं म्हणजे कोण, याचं उत्तर एकच होतं. गुरुवारी दुपारी बाळाला कडेवर आणि तिशाला बोटाला धरून शलेशनी बाजारात नेईसमोर उभी राहिली. पपयांच्या वर, दोरीला, मास्टरांचा व्हिडिओतला फोटो लटकत होता. नेईने तो छापून आणला होता. खाली लिहिलं होतं, ‘याच्यापासून सावध.’

“चार दिवसांत विक्री दुप्पट!” नेई म्हणाली. “लोक येतात, विचारतात, याच का त्या पपया? तीस वर्षांत त्याचा पहिल्यांदा उपयोग झाला.”

“नेई, तो व्हिडिओ मी काढला. तुमच्याच गाळ्यावर पिशवी ठेवून.”

“वांग्यांची? मी म्हटलं कोणीतरी विसरलं. उन्हात होती, सावलीत सरकवली मी. आणि बेरकी पोरं बघून हात ठेवून बसले तिच्यावर.”

हे शलेशनीला ठाऊक नव्हतं. शेवटची दोन सेकंदं तिच्या व्हिडिओत सगळं काळं झालं होतं आणि ती तिने कापून टाकली होती. तो मावशीचा हात होता. तिच्याच पिशवीची राखण करणारा. आठवड्याचा विषय हात होता, आणि नेमका हाच तिने कापला होता. धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं तिला वाटलं; पण बाजाराची जमीन सिमेंटची होती.

“नेई, मास्टरांना शाळेतून घरी बसवलंय.”

नेईचं हसू जागच्या जागी थांबलं. “इलियेसाला? कोणी?”

“मोठ्या बाईंनी. तुम्ही फोनवर म्हणालात म्हणून.”

नेईने पपयांकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, मग दोरीवरून फोटो काढला आणि घडी करून पोलक्यात घातला. “चल,” ती म्हणाली. “यंगोना आणलीस ना?” जुडी घेऊन राजनील बाहेर टॅक्सीत थांबला होता.

मास्टरांचं घर चढावर होतं, दारात चपलांची ओळ आणि मागे अननसाचा छोटासा वाफा. मास्टर इलियेसा चटईवर पाय दुमडून बसले होते. टोपी नाही, टाय नाही. तिशाला पाहून त्यांनी भुवई उडवली, आणि तिशा आईच्या मागे लपली. राजनीलने वर्तमानपत्रात बांधलेली जुडी पुढे ठेवली. शलेशनीने मान खाली घातली. तिला चटईचे धागे दिसत होते, तेवढेच तिने मोजले.

नेई सेरुवायाने जुडीला हात लावला आणि बोलू लागली. तो बाजारातला आवाजच नव्हता. खाली, संथ, देवळातल्यासारखा. या मुलीने नकळत घाव घातला, ती म्हणाली. आणि कळत असून मी त्यावर मीठ चोळलं. हा माणूस तीस वर्षं माझ्याकडे येतो. माझा नवरा गेला तेव्हा हाच सगळ्यात आधी आला, पपई उचलून घेऊन गेला, कारण मला कोणालातरी शिव्या द्यायच्या होत्या हे यालाच कळलं. याच्यासारखा सज्जन माणूस…

“नेई,” मास्टर कळवळून म्हणाले, “बस कर.”

“…या सुवात नाही. उद्या मी शाळेत जाऊन हेच सांगणार आहे. याचे विद्यार्थी…”

“हिला थांबवा कोणीतरी.” मास्टरांचे डोळे भरून आले होते आणि ते खरोखर घाबरले होते. “अगं, मी मेलोय का? मला चोर म्हण. चार हजार लोकांनी म्हटलं तेव्हा एवढं लागलं नव्हतं.”

त्यांनी जुडीला हात लावला, तीन पोकळ टाळ्या वाजवल्या, आणि माफी झाली. शलेशनीला वाटलं होतं, ते रागावतील, मग आपण रडू, मग हलकं वाटेल. ते रागावलेच नाहीत. त्यांच्या बायकोने चहा आणला, पाव आणले, बाळाला मांडीवर घेतलं. मास्टर म्हणाले, “तुमची तिशा छान चित्रं काढते. मुलांना आधी विचारते, तुझं काढू का म्हणून.” त्यांच्या मनात टोमणा नव्हता. म्हणूनच तो नेमका बसला.

निघताना उन्हं कलली होती. दारातून तिरपा पिवळा प्रकाश चपलांवर पडला होता, आणि नेई सेरुवाया मागच्या वाफ्यातून एक अननस उपटून, काखेत मारून, ऐटीत पायऱ्या उतरत होती. मास्टर दारात उभे राहून ओरडत होते, “चोर! अख्खं बेट चोरांचं!” त्यांच्या तोंडावर चार दिवसांनी रंग आला होता. असा प्रकाश, असे दोन चेहरे एका चौकटीत वर्षातून एकदा मिळतात. शलेशनीचा हात आपसूक पिशवीत गेला, फोनला लागला, आणि फोन निखारा असावा तसा मागे आला.

स्टॉपवर बाळ खांद्यावर झोपलं. राजनील टॅक्सी आणायला गेला होता. तिशा रस्त्याकडे बघत होती, म्हणजे काहीतरी जुळवत होती.

“मम्मी, मास्टर न विचारता पपई घेतात, ते चालतं ना?”

“चालतं.”

“कारण ते नेईचे ताउवू.”

“हो.”

“आणि नेईने न विचारता अननस घेतलं, तेही चालतं.”

“हो गं.”

“मग तू मास्टरांना न विचारता घेतलंस ना, फोनमध्ये?” तिशाने मान वर करून आईकडे पाहिलं. “तू त्यांची कोण लागतेस?”