पुरुष प्रतिनिधी पंपावर

विद्यार्थी परिषदेच्या पुरुष प्रतिनिधीची निवड झाली तेव्हा जतीन पेट्रोल पंपावर होता. त्याच्याकडे गाडी नव्हती, साधी सायकलसुद्धा नव्हती. जे काम करायला तो तिथे गेला होता ते कॉलेजात करायची सोय नव्हती, म्हणून गेला होता. आणि ही सगळी गोष्ट त्याच कामाची आहे. ज्यांना नाकं मुरडायची असतील त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावीत, पुढे वेळ मिळणार नाही.

गंजाडच्या रस्त्यावरचं हे नर्सिंग कॉलेज. मुली एकशे चार, मुलं नऊ. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तर इथे मुलं नव्हतीच. त्यामुळे 'पुरुष' अशी पाटी असलेल्या स्वच्छतागृहात सरावाचे पुतळे ठेवले होते. इंजेक्शन टोचायचा एक, बाळंतपणाचा एक, बँडेज बांधायचे दोन आणि एक नुसताच अर्धा. पुढे मुलांना प्रवेश मिळाला, पण पुतळे काही हलले नाहीत. पुतळे महागाचे होते आणि मुलं नऊच होती.

मग नऊ मुलांनी पाळ्या लावल्या. सगळे एकदम गेले की पंपवाला ओरडायचा. जाताना सात मिनिटं लागायची, येताना अकरा, कारण येताना माणूस निवांत चालतो. मधल्या सुट्टीनंतरचा तास अ‍ॅनाटॉमीचा, आणि त्याची हजेरी पहिल्या पाच मिनिटांत व्हायची. जतीनची हजेरी घसरत घसरत एकाहत्तर टक्क्यांवर आली होती. ऐंशीच्या खाली गेला की परीक्षेचा फॉर्म भरता येत नाही. म्हणजे जतीनचं वर्ष वाया गेलंच तर ते अभ्यासापायी नाही, मूत्राशयापायी जाणार होतं. आणि त्या तासाला धडासुद्धा नेमका तोच चालू होता!

अशात तपासणी समितीचं पत्र आलं. गुजराती वळणाचं मराठी बोलणाऱ्या प्राचार्य रुपल मॅडमनी परिषदेच्या अध्यक्षीणबाईंना, म्हणजे रानशेतच्या योगिताला, बोलावून घेतलं.

"योगिता, परिषदेत बाराच्या बारा मुली आहेत. समिती म्हणते, एक तरी पुरुष पाहिजे. समानता म्हणजे दोन्ही बाजूंनी, बरोबर ने?"

"बरोबर मॅडम. आणते एक," योगिता म्हणाली.

मधल्या सुट्टीत तिने आठ मुलांना व्हरांड्यात उभं केलं. आठही जण जमिनीकडे बघायला लागले. तेवढ्यात विनोदला सुचलं.

"जतीन!" तो म्हणाला. "जतीन म्हणजे एकदम बरोबर माणूस."

"कुठे आहे तो?"

"येईलच एवढ्यात. तयार आहे तो."

जतीन परत आला तेव्हा वर्गात त्याची गैरहजेरी लागली होती आणि त्याच्या नावाने टाळ्या वाजत होत्या.

"शहाण्या, मला विचारलं तरी का?" त्याने विनोदला कोपऱ्यात गाठलं.

"अरे, उलटं बघ ना! आता तू आत बसणार. एकच वाक्य बोलायचं, पुतळे हलवा. आम्हा आठ जणांचा दुवा मिळेल तुला."

एकच वाक्य. पण जतीनच्या घरात पुरुषांनी वाक्यं बोलायची रीतच नव्हती. बाप देवजी बोटीवर जायचा, मासळी आणायचा, टोपली किनाऱ्यावर ठेवली की त्याचं काम संपलं. भाव करणं, भांडणं, शाळेत नाव घालणं, पाहुण्यांना उठवणं हे सगळं आई शांतीकडे. ती डहाणूच्या बाजारात मासळी विकायची आणि तिच्यासमोर गिऱ्हाईक दोन मिनिटं टिकत नसे. जतीनने उभ्या आयुष्यात कोणाला भाव विचारला नव्हता, सांगायचं तर सोडूनच द्या.

पहिल्या मीटिंगला योगिताने त्याला मधल्या खुर्चीत बसवलं. "तू मध्ये बस. फोटोत पुरुष दिसला पाहिजे." मग तिने विषय वाचला आणि अगदी नियमाप्रमाणे विचारलं, "पुरुष प्रतिनिधी म्हणून तुझं काय मत?"

जतीनने श्वास घेतला.

"छान. पुढचा विषय," योगिता म्हणाली आणि वहीत लिहिलं, 'पुरुष प्रतिनिधींनी सहमती दर्शवली.'

दुसऱ्या मीटिंगला त्याच्या हातात फुलांचं तबक आलं. पाहुणे आले की ते धरून उभं राहायचं. बॅनर लावायला शिडीवरही तोच चढला. खालून खजिनदार मुलगी म्हणाली, "तू जरा हसत जा ना रे, चांगला दिसतोस." बिचारा शिडीवरच लाल झाला. पुतळ्यांचं वाक्य तोंडात तसंच राहिलं. हजेरी एकोणसत्तर.

घरी शांतीच्या नजरेतून काय सुटतंय! एके दिवशी तिने त्याला मोरीच्या दारातच धरलं.

"रोज एस्टीतून उतरलास की दप्तर फेकतोस नि मोरीत पळतोस. पोटात काय बिघाड हाय का?"

जतीनने मान खाली घालून सगळं सांगितलं. पंप, पुतळे, हजेरी, तबक.

"आणि तू तिकडचा प्रतिनिधी?"

"हो."

"मग बोल ना, मेल्या!"

"बोलू देत नाय ग. श्वास घेतो तेवढ्यात पुढचा विषय येतो."

"बापावर गेलास, दुसरं काय!" शांतीने कपाळावर हात मारला. "थांब. मी येते."

"आई, तू कशी येणार? ती जागा पुरुषांची हाय."

"तर काय झालं? आपल्या पंचायतीत धोंडीबाई निवडून आली, ती जागा बायकांची. खुर्चीत कोण बसतो? तिचा नवरा. कोणी काय बोलतं? निवडून येतो तो घरी, नि ज्याला बोलता येतं तो खुर्चीत. सगळीकडे असंच चालतं."

शांती काही थट्टा करत नव्हती. आजवर तिने राखीव जागा अशाच चालताना पाहिल्या होत्या, त्यामुळे तिला तो सरकारी नियमच वाटत होता.

समिती बारा वाजता यायची होती, म्हणून परिषदेची मीटिंग अकराला ठेवली होती. शांती मासळी संपवून थेट आली. रिकामी टोपली दाराशी ठेवली, पदर खोचला आणि मधल्या खुर्चीत जाऊन बसली. मागे जतीन तबक धरून उभा. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

"मावशी, पालकांनी बाहेर बसायचं," योगिता म्हणाली.

"मी पालक म्हणून नाय आले. मी पुरुष प्रतिनिधी."

"काय?"

"म्हणजे त्याच्या वतीने ग. तो निवडून आलाय, मी बोलणार."

योगिता ताडकन उभी राहिली. "अजिबात नाही! माझी आई पाच वर्षं पंचायतीची सदस्य होती. पाच वर्षं तिने घरात चुलीपुढे बसून सह्या केल्या आणि काका तिच्या खुर्चीत बसले. तिला एक शब्द बोलू दिला नाही कोणी. मी अध्यक्ष आहे तोवर इथे असलं चालणार नाही!"

"बरोबर हाय बाय तुझं," शांती म्हणाली. "तुझ्या आईचं लई वाईट झालं. खरंच वाईट झालं." मग तिने खुर्ची पुढे ओढली. "आता मुतारीचं बोल. दोन पाहिजेत."

"दोन? मुलं नऊ आहेत!"

"मग दीड दे."

"दीड कशी देणार, मावशी? फार तर एक होईल."

"एक तर एक. तू बोललीस हां, मी नाय."

आपण कधी कबूल झालो हे योगिताला कळलंच नाही. ती घाईघाईने म्हणाली, "पण तिथे पुतळे आहेत!"

"त्यांना लागते काय?"

अकरा मुली तोंडात ओढण्या कोंबून हसायला लागल्या. योगितालाही हसू फुटत होतं, पण ती बधली नाही. "ते काही नाही. ठराव प्रतिनिधीनेच मांडायचा. त्याला वाचा आहे ना? बोलू दे."

सगळ्यांनी जतीनकडे बघितलं. त्याने तबक छातीशी धरलं. "ठराव... मुलांच्या..." एवढं झालं आणि दार उघडलं.

समिती पहाटेच निघाल्यामुळे लवकर आली होती. पुढे रुपल मॅडम, मागे एक चष्म्याच्या बाई, त्यांच्या मागे एक जाडजूड साहेब. तरी महामार्गावर ट्रकांची रांग लागली होती आणि साहेब दोन तास गाडीत अडकून पडले होते. ते या पायावरून त्या पायावर होत उभे होते.

"ही तुमची परिषद? छान," बाई कागद बघत म्हणाल्या. "पुरुष प्रतिनिधी कोण?"

"मी," शांतीने हात वर केला.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "इथे जतीन असं लिहिलंय."

"हां तो... म्हणजे असं आहे ने..." रुपल मॅडमना घाम फुटला. योगिता कपाळाला हात लावून बसली. आता परिषदही गेली आणि कॉलेजचं नावही गेलं, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

"ते सगळं नंतर बघू हो!" साहेब एकदम म्हणाले. "आधी मला सांगा, जेन्ट्स टॉयलेट कुठे आहे?"

शांतीने तोंड उघडलं. आणि काय वाटलं कोण जाणे, आयुष्यात पहिल्यांदा तिने उघडलेलं तोंड मिटलं आणि मुलाकडे बघितलं.

जतीनने तबक योगिताच्या हातात दिलं.

"पेट्रोल पंपावर, सर," तो म्हणाला. "जाताना सात मिनिटं, येताना अकरा. ऊन हाय, टोपी घ्या. आम्ही रोज तिकडेच जातो. म्हणून माझी हजेरी एकोणसत्तर टक्के हाय. इथे पण एक हाय, पण त्यात पुतळे राहतात."

जन्मात एवढं सलग तो कधी बोलला नव्हता. बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"हलवा ते पुतळे!" साहेब ओरडले.

"तसा मी ठराव मांडतो," जतीन म्हणाला.

"अनुमोदन!" हेही साहेबच म्हणाले. त्यांना धीर नव्हता.

बारा मुलींनी चार मिनिटांत पुतळे बाहेर काढले. बाळंतपणाचा पुतळा दाराबाहेर ठेवेपर्यंत साहेब आत घुसलेसुद्धा. बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर अशी शांतता होती की पुढची सगळी तपासणी त्यांनी मान डोलावत पार पाडली. जाताना त्यांनी शेरा लिहिला, 'पुरुष प्रतिनिधी प्रसंगावधानी आहेत. त्यांच्या हजेरीचा सहानुभूतीने विचार व्हावा.' रुपल मॅडमनी लगेच विचार केला आणि अ‍ॅनाटॉमीची हजेरी तासाच्या शेवटी नेली. मागच्या गैरहजेऱ्याही माफ झाल्या. दाराबाहेर सात मुलांनी विनोदला खांद्यावर घेतलं. जतीन आत होता, म्हणून त्यांनी मिळेल त्याला घेतलं.

चष्म्याच्या बाई मात्र निघता निघता अडल्या. "मॅडम, पालक प्रतिनिधीचा रकाना रिकामा आहे. आम्ही जायच्या आत भरा."

"आत्ता? आत्ता पालक कुठून आणू?" रुपल मॅडमनी इकडेतिकडे बघितलं. शांतीची खुर्ची रिकामी होती. ती मुलींच्या स्वच्छतागृहाकडे गेली होती.

जतीन उठून उभा राहिला. कोणी सांगितलं नव्हतं, आपणहून उठला.

"मी सुचवतो. शांती देवजी तांडेल."

"कुठे आहेत त्या?" बाईंनी विचारलं.

"येतीलच एवढ्यात. तयार आहेत त्या."

"अनुमोदन!" योगिता एवढ्या आनंदाने ओरडली की तबकातली फुलं सांडली.

शांती बऱ्याच वेळाने पदराला हात पुसत आली. "बाय बाय बाय! केवढी ती रांग! शंभर पोरींना तीनच?... टाळ्या कशाला वाजवता ग?"

"आई, तू निवडून आलीस."

"मी? मला विचारलं कोणी?"

"मला तरी कुठे विचारलं होतं."

"अरे पण मीटिंग असली की बाजारात कोण बसेल? तुझ्या बापाला पाठवते इकडे, तो बसेल गुपचूप."

"चालणार नाही, मावशी," योगिता म्हणाली. "तुमच्या खुर्चीत तुम्हीच बसायचं."

शांतीने तिच्याकडे बघितलं, मग पोराकडे. मग मुकाट्याने बसली. मुकाट्याने म्हणजे बूड टेकेपर्यंत. "बरं, लिही मग. पहिला विषय, पोरींची रांग. अजून सहा पाहिजेत."

"सहा?" रुपल मॅडम खुर्चीला धरून उभ्या राहिल्या.

योगिताने वही उघडली आणि हाताच्या सवयीने लिहायला घेतलं, 'पुरुष प्रतिनिधींनी सहमती...' जतीनने त्या ओळीवर बोट ठेवलं.

"मला विचारलं नाहीस तू."

योगिता थांबली. तिने ओळ खोडली आणि पेन खाली ठेवलं. "चुकलं. पुरुष प्रतिनिधी म्हणून तुझं काय मत?"

जतीनने श्वास घेतला. या वेळी कोणी 'छान' म्हणालं नाही. सगळे थांबले, आईसुद्धा थांबली.

"आठ लिही," जतीन म्हणाला. "मग सहावर येता येईल."