आक्कांनी गाडी मागे घेतली

शिवकांताक्कांची बॅटरीची गाडी उंबऱ्याबाहेर पडली, तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि गुरुबसप्पांनी डोक्यावरची टोपी पार भुवयांपर्यंत ओढून घेतली होती.

"ऊन लागायलंय का?" आक्कांनी विचारलं.

"ऊन न्हाई. लोक बघायलेत."

गाडी पुण्याच्या लेकानं, बसवराजनं पाठवली होती. चार बुटकी चाकं, वर खुर्चीसारखी सीट, समोर हँडल आणि हँडलला जाळीची टोपली. अंगठ्यानं खटका दाबला की पुढे, दुसरा दाबला की मागे. आठ दिवस ती सोप्यात उभी होती आणि गुरुबसप्पा तिच्यावर धोतर वाळत घालत होते.

"अपंगाची गाडी हाय ती," त्यांनी पहिल्याच दिवशी निकाल दिला होता. "पन्नास वर्षं चौबाऱ्याच्या बाजारात कापडाचं दुकान केलं मी. आता लोक म्हणतील, गुरुबसप्पाची बायको अपंग झाली."

"झालीय की," आक्का म्हणाल्या होत्या. "तीन वर्षं झाली. तुमाला आत्ता कळायलंय व्हय?"

तीन वर्षांत गुडघ्यांनी आक्कांना अंगणापलीकडे जाऊ दिलं नव्हतं. पण आजची गोष्ट वेगळी होती. दोन गल्ल्या पलीकडची रत्नम्मा पाचच्या गाडीनं लेकीकडे बिदरला निघाली होती, आणि तीही कायमची. इथं पाणी नाही, तिथं नळाला रोज पाणी आहे, असं जावयानं कळवलं होतं. या दोघी एकाच वर्षी लग्न होऊन उदगिरात आलेल्या. एकीला पहिल्या बाळंतपणात दुसरीनं खसखशीची खीर करून घातलेली. दोघींचेही गुडघे एकदमच गेले, तेव्हापासून भेट फक्त फोनवर. मधलं अंतर चालत पाच मिनिटांचं, पण चालणार कोण?

"फोनवर निरोप घिऊन टाक," गुरुबसप्पांनी सुचवून पाहिलं.

"चाळीस वर्षांची मैतरीण हाय. फोनवर जाऊ दिऊ?"

 गुरुबसप्पा गाडीपुढे दहा पावलं, या गाडीशी आपला काही संबंध नाही असं दाखवत चालू लागले.

त्या साली उदगीरची माणसं दोन गोष्टींची वाट बघत होती. एक टँकरची, दुसरी जिल्ह्याची. उदगीर जिल्हा होणार होणार, असं उन्हाळाभर कानावर येत होतं. टँकर मात्र नवव्या-दहाव्या दिवशी का होईना, येत होता. गल्ली अरुंद, आत वळायला जागा नाही, त्यामुळे टँकर उलटा, मागे मागे सरकत आत शिरायचा, आणि मागे येताना 'पीं-पीं-पीं' असा वाजायचा. त्या आवाजावर झोपलेली माणसं डोळे न उघडता घागरीपर्यंत पोचत. इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसलेले खुद्द गुरुबसप्पासुद्धा एक डोळा उघडून पिंपाकडे बघत.

आक्कांना हे सगळं ठाऊक होतं. फक्त आपली गाडी मागे घेताना कशी वाजते, ते ठाऊक नव्हतं. घरात मागे घ्यायची वेळच आली नव्हती.

वीस पावलं गाडी छान गेली. वाऱ्यानं पदर हलला तसं आक्कांना हसू आलं. मग हणमंतरावांचं निळं पिंप आडवं आलं. हणमंतराव म्हणजे रिटायर झालेले तलाठी आणि जिल्हा मागणी समितीचे सभासद. येणाऱ्या टँकरसाठी त्यांनी चार दिवस आधीच पिंप रस्त्यात ठेवून नंबर लावला होता. वळसा घालायला आक्कांनी दुसरा खटका दाबला.

पीं-पीं-पीं!

एका दमात अकरा दारं उघडली. घागरी आल्या, हंडे आले, तेलाचे डबे आले. समोरची पंचशीला कणकेचे हात घेऊन, काखेत कळशी मारून सगळ्यांच्या पुढे.

"टँकर कुठाय?"

"टँकर न्हाई गं बाई, मी हाय," आक्का म्हणाल्या.

हशा झाला. पण मागे कोणी सरेना. बाहेर आलेली घागर परत न्यायची म्हणजे नंबर जायचा. बघता बघता रस्ताभर रांग लागली आणि पुढची वाट बंद झाली.

"आता मागल्या बोळातून जावं," असं म्हणून आक्कांनी गाडी वळवायला पुन्हा मागे घेतली. पीं-पीं! बोळातली माणसं धावत आली.

"आमच्या बोळातला टँकर तुमी अडवला का?"

"अडवायला हाय कुठं टँकर? ही आक्काची गाडी हाय!"

"मग ही रांग कशाची लावली?"

याचं उत्तर कोणालाच देता येईना, म्हणून भांडण लागलं. हणमंतराव ओट्यावर उभे राहून म्हणाले, "जिल्हा झाला असता तर आज असं झालं नसतं!" पंचशीला म्हणाली, "काका, जिल्हा व्हईल तवा व्हईल, आधी तुमचं पिंप उचला."

आक्कांनी घड्याळ बघितलं. पावणेचार. पुढे आपली गल्ली, मागे परकी गल्ली, मधे त्या. डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या. "सरका गं बायांनो, माझी रत्नी जायली," असं म्हणत त्यांनी घाईत खटका दाबला, आणि घाईत नेमका तोच दाबला गेला.

पीं-पीं-पीं-पीं!

या वेळी दोन गल्ल्या पलीकडूनही माणसं आली. सगळ्यांत मागे एक ठेंगणी, गोरी बाई. अंगावर गावाला जायचं इरकली लुगडं, नाकात नथ, पायात काही नाही आणि कमरेवर रिकामी घागर. धापा टाकत ती गर्दीतून पुढे घुसली.

"सरका, सरका, माझा नंबर..."

आणि आक्कांच्या पुढ्यात येऊन थांबली.

"रत्ने?"

"यव्वा! शिवकांता!"

रत्नम्मांनी घागर खाली ठेवली आणि आक्कांचा चेहरा दोन्ही हातांत धरला.  गुरुबसप्पांना राहवलं नाही.

"वैनी, तुमी तर गावाला निघालाव. घागर कशाला?"

"सवय, भावजी. आवाज आला की पाय निघतेत."

"आन् गुडघे?"

"पाण्यापुढं गुडघ्याला कोण इचारतंय!" रत्नम्मा म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे त्यांना गुडघ्यांची आठवण होऊन त्या हणमंतरावांच्या ओट्यावर मटकन बसल्या.

चिडलेली गल्ली पांगली. "आता किती बी वाजू दे, उठायचं न्हाई," असं ठरवून सगळ्यांनी दारं लावून घेतली. या दोघींना ते कळलंही नाही. कोणाचे केस किती पांढरे झाले, कोणाची सून कशी, बोलणं संपेना. सव्वाचार झाले.

आणि खरा टँकर आला.

पीं-पीं करत तो मागे मागे थेट पिंपापर्यंत आला. एक दार उघडलं नाही. आतून पंचशीलाचा आवाज आला, "आक्का, बास करा की आता!"

ड्रायव्हरनं उतरून चारी बाजूंना बघितलं. "पाणी नको दिसतंय या गल्लीला," म्हणाला, आणि परत चढायला लागला.

आक्कांनी ते ऐकलं. आता गेला तर दहा दिवस गल्ली कोरडी, आणि तेही आपल्यामुळे. "रत्ने, तू जा, पाचची गाडी..." असं तोंडानं म्हणता म्हणता त्यांनी गाडी टँकरच्या कडेनं पुढे काढली आणि त्याच्या नाकासमोर आडवी लावली.

"आज्जी, बाजूला घ्या," ड्रायव्हर म्हणाला.

आक्कांनी खटका दाबला. गाडी हलेना. बॅटरी संपली होती.

"ढकलतो मी," म्हणून ड्रायव्हरनं हात पुढे केला, तेवढ्यात गुरुबसप्पा मधे आले. टोपी मागे सरकवून, छाती काढून.

"हात लावायचा न्हाई! अपंगाची गाडी हाय ती! हात लावून तर बघ!"

एवढ्या मोठ्यानं ते पन्नास वर्षांत गिऱ्हाइकावरसुद्धा ओरडले नव्हते. आक्का त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

तिकडे रत्नम्मा उठल्या. एक हात भिंतीला, एक हात गुडघ्यावर, अशा एकेक दार बडवत निघाल्या. "उठा गं! खराच आलाय! माझी शपथ!" पहिल्या दारानं ऐकलं नाही, दुसऱ्यानं शिव्या दिल्या, पण त्या गलक्यानं हणमंतराव उठले. ते खिडकीतून बघून म्हणाले, "अरे, हा तर आलाच की!" आणि स्वतःच ओरडत सुटले.

शेवटची घागर भरली तेव्हा साडेपाच झाले होते. बिदरची गाडी कधीच गेली होती.  रत्नम्मांनी आपली भरलेली घागर टोपलीत ठेवली आणि पाऊल टाकायला गेल्या, तर गुडघा वळेना.

"बस हितं," आक्कांनी सरकून अर्धी सीट रिकामी केली. "चहा घे आमच्याकडं."

एका माणसाच्या गाडीवर दोघी बसल्या. गुरुबसप्पा मागून ढकलू लागले. चौबाऱ्याकडून येणारं एक जुनं गिऱ्हाईक हसून थांबलं. "काय आप्पा, हे काय?"

"बायको हाय माझी, आन् ह्या वैनी," गुरुबसप्पा धापा टाकत म्हणाले. "बघत काय उभा राहिलास? लाव हात."

"उद्याच्या गाडीनं जाते मी," रत्नम्मा म्हणाल्या.

"मी येते ना तुला सोडायला, स्टँडपस्तोर. ह्याच गाडीवर."

रत्नम्मांनी मागे वळून धापा टाकणाऱ्या भावजींकडे बघितलं, पुढे इंचाइंचानं सरकणाऱ्या चाकाकडे बघितलं.

"मग पोचले मी बिदरला," त्या म्हणाल्या, आणि सीटवर जरा ऐसपैस सरकून बसल्या.