माळरानाची पत्रिका

रस्त्यात गाडीखाली आलेलं मुंगूस दिसलं की बिरूतात्या स्कूटर थांबवतात, टोपी काढतात आणि मोठ्यानं म्हणतात, “कै. मुंगूसराव.” मग त्याला शेपटीला धरून बांधाकडेला ठेवतात, हात झटकतात आणि पुढं निघतात. मागं बसलेल्या माणसाची एस. टी. चुकत असली तरी हा विधी टळत नाही. घोरपड असेल तर ‘कै. सौ. घोरपडबाई’. ती सौभाग्यवती होती हे तुम्हांला कसं कळलं, असं मी एकदा विचारलं. तात्या म्हणाले, “मास्तर, चूक झालीच तर मान जास्ती दिल्याची व्हावी. मान कमी पडला की भावकी पेटती.”

हे शहाणपण धंद्यातलं आहे. इंदापुरात स्टँडच्या मागं तात्यांचा छापखाना आहे आणि तिथं वर्षभर लग्नपत्रिका छापल्या जातात. कुठल्या आत्याला निमंत्रकात घालायचं, रुसलेल्या चुलत्याला कुठल्या रकान्यात बसवायचं, हे नवऱ्याच्या बापाला कळत नाही, तात्यांना कळतं. त्यांच्याच वरच्या खोलीत मी भाड्यानं राहतो आणि शाळेत मराठी शिकवतो. त्यामुळं शुद्धलेखनाचा अधिकार माझ्याकडं आहे. बाकी सगळ्या विषयांतला अधिकार तात्यांनी स्वतःकडं ठेवला आहे.

छापखाना सोडला तर तात्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला. निरवांगीकडचं माळरान. दर रविवारी ते मला तिकडं ओढून नेतात. मला तिथं दगड आणि वाळलेलं गवत दिसतं. तात्यांना आळी दिसते. “हे खोकडाचं घर. त्या पल्याडच्या तरवडाखाली तित्तराचं बिऱ्हाड. मास्तर, रामराम करा.” मी एका बिळाला रामराम केलेला आहे, हे माझ्या मुख्याध्यापकांना कळू नये. लांडग्याचं नाव मात्र तात्या घेत नाहीत. त्याला ते ‘थोरले’ म्हणतात आणि म्हणताना आवाज उतरवतात.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला या आळीवर संकट आलं. माळावरचा पाणवठा फुटलेला. लांडग्यानं मेंढरू नेलं तर धनगराला मिळायची ती भरपाई वेळेवर मिळेना. त्यात कोणीतरी सुचवलं की जमीन पडीकच आहे, तर खड्डे घेऊन झाडं लावून टाका. ‘पडीक’ हा शब्द ऐकून तात्यांनी हातातल्या पत्रिकांचा गठ्ठा खाली आपटला. “पडीक? तितं पाय ठिवायला जागा न्हाय एवढी वस्ती हाय!”

तात्या तालुक्याच्या साहेबांकडं गेले. साहेब भला माणूस निघाला. ते म्हणाले, “वन्यजीवांसाठी निधी मागायचा तर जिल्ह्याच्या आराखड्यात विषय जायला हवा. प्राण्या-पक्ष्यांसाठी झटणाऱ्या संस्थांचे माझ्याकडं वेगवेगळे अर्ज पडलेत. एक म्हणतो पाणी द्या, दुसरा म्हणतो पिंजरे द्या. तुम्ही सगळ्यांचा मिळून एकच अर्ज गुरुवारपर्यंत आणा, मी लावून धरतो. नाहीतर यंदाचं विसरा.”

सगळ्यांचा मिळून एकच! साहेब बहुधा बाहेरच्या जिल्ह्यातले असावेत.

आमच्याकडं अशा संस्था तीन. भिगवणचे पक्षीवाले, म्हणजे धरणाच्या फुगवट्यावर होडीतून लोकांना रोहित पक्षी दाखवणारे; त्यांचे प्रमुख नामदेवआण्णा. बारामतीचे सर्पमित्र, त्यांचे प्रमुख सलीमभाई, मोबाईलचं दुकान अर्धं सोडून कुणाच्याही न्हाणीतला नाग धरायला धावणारे. आणि इंदापूरचे फोटोवाले. त्यांचे प्रमुख एक दातांचे डॉक्टर, ज्यांच्या दवाखान्यात तोंड उघडं ठेवून वर बघितलं की छतावर लांडगा दिसतो. तिघंही माणसं सोन्यासारखी. एकमेकांबद्दल बोलायला लागली की तेवढी ऐकवत नाहीत.

अर्ज मी लिहिला. ‘विषय : माळरानावरील वन्यजीवांच्या संरक्षणार्थ निधी मिळणेबाबत.’ इतका निर्दोष अर्ज त्या कचेरीत कधी आला नसेल. तो घेऊन आम्ही भिगवणला गेलो. नामदेवआण्णांनी मासळी खाऊ घातली, अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाले, “समदं झ्याक हाय. पन आमचं नाव तिसरं का? लोकं लांबनं येत्यात ती आमची पाखरं बघाया. लांडगं बघाया कोन येतंय?” बारामतीला सलीमभाई म्हणाले, “मास्तर, फोटो काडणं सोपं हाय. हात कुणाचा जातोय बिळात? आमचं नाव वर पायजे.” डॉक्टर तर म्हणाले की माळ आमचा, विषय आमचा, बाकीच्यांनी खाली सह्या कराव्यात.

मी तोडगा काढला, नावं अकारविल्हे घ्यायची. दुसऱ्या दिवशी अकरा सभासदांच्या पक्षीवाल्यांनी आपल्या नावामागं ‘अखिल’ लावलं. संध्याकाळपर्यंत सर्पमित्र ‘अखंड’ झाले. डॉक्टरांनी मला फोन करून, ‘अंक’ला आधी घेतात की ‘अक्षर’ला, अशी सहज म्हणून चौकशी केली. मी फोन ठेवला आणि तात्यांना म्हणालो, “मरू दे तुमचा माळ.”

तात्या रागावले नाहीत. मग म्हणाले, “मास्तर, तुमी अर्ज लिवला, तितंच चुकलं. अर्जात एकच वरची जागा असती. पत्रिकेत समद्यास्नी वरची जागा असती.”

आणि बुधवारी दुपारी मशीनमधून जे बाहेर आलं ते बघून मी कपाळाला हात लावला. पिवळा जाड कागद, चारी बाजूंनी वेलबुट्टी, वर कलशाच्या जागी चिंकारा. ‘॥ माळरान प्रसन्न ॥ स. न. वि. वि. आमचे येथे पाणवठ्याची दुरुस्ती, मेंढपाळांस वेळेवर भरपाई व माळ आहे तसा राखणे, हे कार्य शासनाच्या निधीने करण्याचे योजिले आहे. तरी सदर कार्यास साहेबांनी अगत्य येण्याचे करावे. कृपया आहेर आणावाच.’ फोटोवाले झाले होते प्रेषक. पक्षीवाले निमंत्रक. सर्पमित्र स्वागतोत्सुक. तळाला ‘किलबिल’ : ‘आमच्या माळावर खड्डे घ्यायचे नाहीत हं! — चि. खोकड, चि. तित्तर, कु. चिंकारा.’

“हे सरकारी कचेरीत न्यायचं?” मी विचारलं.

“सही घिऊन येऊ आदी.”

तासाभरात डॉक्टरांनी सही केली. प्रेषक म्हणजे कार्याचा मालकच, असं तेच मला समजावत होते. नामदेवआण्णा म्हणाले, निमंत्रकाशिवाय कुठलं कार्य होतं? सलीमभाईंनी तर पत्रिका कपाळाला लावली. “बहिणीच्या लग्नात मला स्वागतोत्सुकात घातलं न्हवतं तात्या. आज घातलं.” तिघांनाही वाटत होतं, वरचा मान आपलाच. मराठीचा शिक्षक म्हणून मला फार अपमान वाटला. माझ्या निर्दोष अर्जाची गुंडाळी तात्यांनी मशीनचं तेल पुसायला घेतली होती.

एकच गोष्ट माझ्या लक्षात आली. पत्रिकेवर तात्यांचं नाव कुठंच नव्हतं. तळाला छापखान्याचं नाव असतं, तेही नव्हतं. विचारलं तर म्हणाले, “जागा न्हाय.” जागा चांगली चार बोटं होती.

गुरुवारी साहेबांनी पत्रिका वाचली. किलबिलपाशी आले आणि टेबलावर डोकं टेकून हसले. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मग डोळे पुसून ते म्हणाले, “मागण्या तिन्ही बरोबर आहेत. संस्थाही एकत्र आहेत. घेतो मी विषय. फक्त सगळ्यांच्या वतीनं एका माणसाचं नाव आणि सही पाहिजे. उद्या पत्रव्यवहार कुणाशी करायचा?”

खोलीत तिघंही प्रमुख होते. तिघांचेही हात एकदमच खिशातल्या पेनाकडं गेले. मला पुढचं सगळं दिसलं. साहेबांनाही दिसलं असावं, कारण त्यांनी पत्रिका तात्यांपुढं सरकवली. “तुम्ही करा.”

“मी नगं,” तात्या म्हणाले. “मी नुसता छापणारा. माजं नाव त्यावर नगं.” नेहमी घरचं कार्य असल्यासारखा मिरवणारा हा माणूस एकाएकी इतका बारीक झाला की तिघांचेही हात खिशावरून खाली आले. सलीमभाई हळूच म्हणाले, “करा तात्या. तुमी केली तर आमचं कुणाचं काय म्हणणं न्हाय.” आण्णांनी मान हलवली. डॉक्टरांनी पेन पुढं केलं.

तात्या एरवी सही म्हणून दोन अक्षरं आणि एक रेघ ओढतात. त्या दिवशी त्यांनी कोरलं. बिरू सखाराम कोकरे. मधलं नाव लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि त्यावरून त्यांनी पेन दोनदा फिरवलं. साहेबांनी ती पत्रिका फायलीत आमच्यासमोर सगळ्यात वर लावली.

बाहेर कडुलिंबाखाली चहा घेताना मी चेष्टेनं म्हणालो, “काय तात्या, एवढी लाज कसली? नव्या नवरीसारखी?”

तात्या कपाकडं बघत बोलायला लागले. “आमचा आबा, माजा बाप, मेंढरं राखायचा, मास्तर. त्याच माळाला. एका पहाटं थोरल्यांनी आट मेंढरं मारली. आबा कचेरीत तीनदा चालत गेला. पंचनाम्याला कोन आलं न्हाय. मग त्यानं मेलेल्या मेंढरात औषद भरलं. टोपलं माज्या डोक्यावर हुतं. लांडगी वढ्याला मरून पडली. तिची पोरं दोन दीस बिळात रडत हुती. मी वाटीत शेळीचं दूद नेलं, पर त्यास्नी माजा वास नगं हुता. तिसऱ्या दिशी आवाज आला न्हाय.”

इतके रविवार मी या माणसाला हसत होतो, याची मला मनापासून शरम वाटली.

“आबा वाईट न्हवता,” तात्या म्हणाले. “त्या वक्ताला त्येला कुणी भरपाई दिली असती तर त्यानं औषद आनलं नसतं. मरस्तवर त्या वाटंनं गेला न्हाय तो. मी पन कदी काय बोललो न्हाय त्येला.”

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, “आज तुमचं नाव लागलं तात्या कागदावर. झालं ते झालं.”

तात्यांनी नाकावरनं चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि शाळेतल्या पोरानं पाटी दाखवून विचारावं तसं मला विचारलं,

“माजं ऱ्हाऊ द्या, मास्तर. आबाचं नाव नीट वाचता येतंय न्हवं?”