देविदासने फुगवलेला ढावलो

आवाजाच्या बाबतीत देविदासला औंढा तालुक्यात कुणी शिकवूच नये! "मास्टरिंग म्हंजे काय? गाण्यातला बारीक आवाजबी मोठ्याइतकाच मोठा करायचा. संपलं!" असं तो शेजारच्या वसरामला बजावायचा. लग्नात स्पीकर लावणारा हा माणूस. बायको मागेच वारली आणि दोन महिन्यांपूर्वी एकुलती एक लेक पुजाही सासरी गेली. तेव्हापासून घर त्याला खायला उठायचं.

पुजाने निघताना गायलेला ढावलो त्याच्याकडे रेकॉर्ड केलेला होता. नवरी एकेकाच्या गळ्यात पडून रडत गाते, ते गाणं. तेव्हा माईक त्यानेच धरला होता. "डोळ्यातून टिपूस काढलं न्हाई मी!" असं नंतर त्याने तांडाभर सांगितलं.

आता वसरामच्या घरी लग्न निघालं. पुजा जावयासोबत येणार आणि संध्याकाळीच परतणार होती. तिने ढावलो ऐकावा, गलबलून जावं आणि चार दिवस राहावं, एवढाच देविदासचा बेत. त्याने कॉम्प्युटरवर गाणं दाबून दाबून असं फुगवलं, की पडद्यावरची आवाजाची वरखाली होणारी रेघ विटेसारखी सपाट झाली!

"एकदा ऐकून तर बघ," वसराम म्हणाला.

"ऐकायचं काहून? दिसून राहिलं की!"

मांडवात गाणं लागलं आणि कोंबड्या पळाल्या. पुजाचा श्वास लोहाराच्या भात्यासारखा! बांगड्या कानठळ्या बसवणाऱ्या! आणि मग, तिच्या गाण्याइतक्याच मोठ्याने, माईक धरणाऱ्याचं पुटपुटणं चारही स्पीकरमधून गरजलं, "नको जाऊ गं पुजे... मला भाकर थापता येत न्हाई..."

मांडव हसून लोटपोट! वाढायला निघालेल्या नानीबाईच्या हातातलं ताट पडलं. देविदासने धावत जाऊन वायर उपटली, ती नेमकी पंख्याची निघाली.

पुजा मात्र हसली नाही. "बापू, मग तुमी रोज खाता काय?"

"बिस्किटं."

ती नवऱ्याकडे वळली. "तुमी व्हा पुढं. मी चार दिवसांनी येते."

देविदासला आभाळ ठेंगणं झालं! चार दिवस पुजाने त्याला चुलीपुढे बसवून ज्वारीची भाकरी थापायला शिकवलं. लेकीशी बोलायला मिळतंय म्हणून तोही मन लावून शिकला. चौथ्या दिवशी त्याची भाकर टम्म फुगली.

"जमलं की बापू! आता मला काळजी न्हाई," म्हणत पुजाने पिशवी भरली, दिवाळीला येते म्हणाली आणि जीपमध्ये बसली.

रिकाम्या घरात गरम भाकर मोडताना देविदासच्या डोक्यात उजेड पडला. निदान एखादी तरी करपवायला हवी होती!