सर्वोच्च न्यायालयाचे नऊ झगे

नऊ काळे झगे शिवून, इस्त्री करून डोन्या फेलिसाने चादरीत बांधले, आणि गाठ मारताना तिच्या लक्षात आलं की ते द्यायचे कुठे हेच आपल्याला ठाऊक नाही. फोनवर एवढंच सांगितलं होतं, "सर्वोच्च न्यायालयाचे नऊ झगे, शुक्रवारी दहाच्या आत." बोलणाऱ्याचा नंबर तिने घाईत खडूने काळ्या कापडावरच लिहिला होता. ते कापड आता कुठल्यातरी न्यायमूर्तींच्या झग्याच्या बगलेत शिवलं गेलं होतं आणि खडू केव्हाच पुसला होता.

"त्यात काय अवघड?" तिचा नवरा इसिद्रो म्हणाला. "शेवटचं अपील जातं ते सर्वोच्च. तुझ्या भावाची जमिनीची केस गेली होती ना, तिथं."

"ती तिथून पुढेही गेली होती. घटनेच्या न्यायालयात. त्यांनी परत मागे पाठवली."

इसिद्रोने गाठोडं खांद्यावर घेतलं. "मग यात वरचं कोण?"

सान ओनोफ्रे शहरात ही दोन्ही न्यायालयं एकाच चौकात, समोरासमोर होती. अपिलाचं आधी लागलं, म्हणून दोघं तिथे शिरली. पेन्याल्बा नावाच्या कारकुनाने गाठोड्याकडे पाहिलं.

"आमचे न्यायमूर्ती नऊच आहेत, प्रांतागणिक एक. आज दहाला न्यायवर्षाचा आरंभ आहे. झगे मागवल्याचं मला कुणी बोललं नाही, पण ठेवा."

तेवढ्यात समोरच्या, घटनेच्या न्यायालयातल्या कारकून वेर्दुगेसबाई पायऱ्या चढून आल्या. त्यांनी खिडकीतून सगळं पाहिलं होतं. "नऊ आमच्याकडेही आहेत. आणि आरंभ आमचाही आजच आहे."

"मला सर्वोच्च न्यायालय म्हणून सांगितलं होतं," फेलिसा म्हणाली.

"म्हणजे आम्हीच," दोघं एकदम म्हणाली.

"शेवटचा निकाल आमचा असतो," पेन्याल्बा म्हणाला.

"तो घटनेला धरून आहे का, ते कोण बघतं?"

"मग या झग्यांचं कोण ठरवणार?" इसिद्रोने भाबडेपणाने विचारलं.

"दोन न्यायालयांत अधिकाराचा वाद झाला की निकाल आम्ही देतो," वेर्दुगेसबाई म्हणाल्या.

"स्वतःच्याच वादाचा?" इसिद्रो म्हणाला.

"कायदाच तसा आहे."

पेन्याल्बा गाठोड्यावर जाऊन बसला.

दहाचे ठोके पडले. नव्या झग्यांची वाट पाहून दोन्हीकडचे न्यायमूर्ती शेवटी साध्या कोटातच आपापल्या सभागृहात गेले. गाठोड्यावर दोन्ही न्यायालयांची सीलं लागली आणि फेलिसाच्या हातात 'वादग्रस्त वस्तू' अशी पावती आली. तीन आठवडे डोळे फोडून घातलेले टाके तिला आठवले. ती चौकातल्या बाकावर बसली आणि इसिद्रोने आणलेल्या गरम सालतेन्याला, रस्सेदार मांसाच्या करंजीला, तिने हातही लावला नाही.

पावणेअकराला एक किडकिडीत प्राध्यापक धापा टाकत आला.

"बाई, सगळं गाव पालथं घातलं. माझ्या मुलांचे झगे कुठायत?"

"कसली मुलं?"

"कायद्याच्या कॉलेजातली. दरवर्षी आम्ही नकली सर्वोच्च न्यायालय भरवतो."

"फोनवर 'नकली' म्हणाला नाहीत."

"म्हणालो असतो, तर इतके नीट शिवले असतेत?"

 फेलिसाने त्याला आत नेऊन सीलं दाखवली. आपलं सील आधी कुणी काढायचं यावरून आत दोन्ही कारकुनांचा नवा वाद चालला होता. प्राध्यापकाने तो ऐकला, दोन्ही कारकुनांना गाठोड्यासकट कॉलेजात नेलं आणि विद्यार्थ्यांसमोरचा ठरलेला खटला बाजूला ठेवून हाच वाद मांडला. फेलिसाची साक्ष झाली. पेन्याल्बा आणि वेर्दुगेसबाईंनी आपापली बाजू मांडली, तीही घसा बसेपर्यंत.

बारा वाजता नऊ पोरापोरींनी, अंगात स्वेटर घालूनच, एकमताने निकाल दिला: ज्याने मागवले, झगे त्याचे.

 या निकालावर अपील कुठे करायचं, ते दोन्ही कारकुनांना सांगता येईना. शेवटी दोघांनी आपापलं सील काढलं.